हशाच्या अकरा खुणा

मास्तर आमच्या ऑफिसात आले तेव्हा ते मास्तर राहिलेले नव्हते. दहा वर्षं शाळेत शिकवून, राजीनामा देऊन आले होते. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, मी काढलेलं फळ्याचं चित्र पाहिलं, त्या फळ्यावरच्या बेरजेत हातचा धरायचा राहिला होता तो शोधला आणि लाल पेन्सिलीने थेट माझ्या चित्रावर गोल केला. मी दोन दिवस खपून काढलेलं चित्र! मी म्हटलं, "अहो मास्तर, शाळा सुटली केव्हाच." त्यावर अख्खं ऑफिस हसलं, आणि पुढे एकोणीस वर्षं त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. ती एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. शिवाय त्यांच्या हातून जे झालं त्यातलं निम्मं माझ्या हातून झालं, आणि तेही कुणीतरी लिहायला हवं.

आमचं काम शाळेतल्या मुलांसाठी धडे करण्याचं. पुस्तकातला धडा घ्यायचा आणि वर्गातल्या पडद्यावर दाखवता येईल असा सहा मिनिटांचा, हलत्या चित्रांचा, बोलका धडा करायचा. मास्तर लिहायचे, मी चित्रं काढायची, काचेच्या खोलीतली आवाजवाली बाई सगळ्या पात्रांचे आवाज काढायची आणि साहेब धडा पास करायचे. साहेबांची कसोटी एकच. धडा तयार झाला की तो एखाद्या शाळेत नेऊन दाखवायचा. आमच्यापैकी दोघांनी संहितेचे कागद घेऊन मागच्या बाकावर बसायचं आणि मुलं जिथे हसतील तिथे समासात खूण करायची. सहा मिनिटांत सात खुणा झाल्या तर धडा पास, कमी झाल्या तर दुरुस्तीला परत. मुलांना धडा कळला की नाही हे कशाने मोजायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग जे मोजता येत होतं ते आम्ही मोजत होतो.

मास्तरांना ही कसोटी मनापासून पटली. त्याला कारण होतं. शाळेतल्या दहा वर्षांत त्यांच्या वर्गात एकदाही हशा पिकला नव्हता. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने शेऱ्यात लिहिलं होतं, 'वर्ग शांत.' मास्तर हुरळून गेले, तो शेरा त्यांनी घरी नेऊन बायकोला दाखवला. मग एक दिवस फळ्यावर लिहिताना त्यांना मागून घोरण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तीन मुलं गाढ झोपली होती आणि बाकीची उघड्या डोळ्यांनी झोपली होती. "बाई, त्या शांततेचा अर्थ मला त्या दिवशी कळला," असं ते मला चहा पिताना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पण ती गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. मुलं जागी राहिली पाहिजेत, एवढं एकच त्यांनी डोक्यात घेतलं होतं.

पण लिहायला बसले की शाळेतला फळा त्यांच्या मानगुटीवर बसायचा. पहिली तीन वर्षं त्यांच्या धड्यांना दोन, तीन, फार तर चार खुणा. साहेब कागद परत करताना काही बोलत नसत, नुसते भुवया उडवत. मास्तर त्या भुवया घेऊन जागेवर येत आणि पेन्सिलीला टोक काढत बसत. टोक असतानाही काढत.

अशात एका सकाळी ते आले ते हसतच. त्यांची लेक तेव्हा आठ वर्षांची होती, एकुलती एक. आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, बर्फाला स्वेटर घातला तर तो पटकन वितळेल ना? स्वेटर गरम असतो." मास्तरांनी हे ऑफिसात सांगितलं आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. आवाजवालीने तर लगेच त्या मुलीचा आवाज काढून दाखवला, जरासा बोबडा, जरासा ठासून बोलणारा. मी बर्फाच्या लादीला लाल स्वेटर घातलेलं चित्र काढलं, आणि उष्णतेच्या धड्यात मास्तरांनी एक मुलगी घातली जी सगळं ठामपणे चुकीचं सांगते. त्या धड्याला नऊ खुणा पडल्या. साहेबांनी जागेवरून उठून मास्तरांची पाठ थोपटली. मुलीला नाव हवं होतं. कोणीतरी म्हणालं, वेंधळी. तेच ठरलं.

पुढे मास्तरांनी याची पद्धतच करून टाकली. जेवायला बसलं की ते लेकीला विचारायचे, "उद्या आम्ही नद्यांचा धडा करणार आहोत. नद्या कुठून कुठे जातात, तुला काय वाटतं?" ती विचार करून सांगायची, की नद्या नेहमी खाली दक्षिणेला जातात, कारण नकाशात दक्षिण खाली असते. मास्तर ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ मोठे. लिहून घेतलं. तिला फार अभिमान वाटायचा. आईला सांगायची, "बाबा माझं बोलणं लिहून घेतात. बाईंचंसुद्धा कोणी लिहून घेत नाही."

मी एकदा विचारलं, "मास्तर, तिला मग खरं काय ते सांगता ना?"

"सांगेन की. पण लगेच सांगितलं तर ती सावध होईल, बाई. मग पुढचं मिळायचं नाही."

मला ते तेव्हा हुशारीचं वाटलं. आज आठवलं की माझाच मला राग येतो. एवढा जन्म मुलांना शिकवण्यासाठी धडपडलेला माणूस, आणि स्वतःच्या पोरीला चुकीचं तसंच ठेवत होता, का, तर तिच्या चुकीवर परक्यांची मुलं हसावीत. आणि मी शेजारी बसून रंग भरत होते.

माझा वाटा तर याहून ठळक. शाळेला सुट्टी होती म्हणून ते एकदा तिला ऑफिसात घेऊन आले. पुढचे दोन दात पडलेले, एक मोजा घसरून घोट्याशी आलेला, वेणीतून सुटलेल्या बटा कानावर. माझ्यासमोर बसून ती बिस्किट खात होती, आणि वेंधळीला अजून नीटसा चेहरा मिळालेला नव्हता. दहा मिनिटांत मी तो काढला. दात, मोजा, बटा, सगळं. ती टेबलावरून वाकून बघत म्हणाली, "काकू, ही मी आहे?"

मी म्हटलं, "छे गं, ही वेंधळी आहे."

ती खुश झाली. तिने मला एक बिस्किटही दिलं.

वर्षभरात वेंधळी शाळाशाळांत पोचली. पोरं धडा सुरू व्हायच्या आधीच तिच्या नावाने ओरडायची. मास्तरांची चाल बदलली, ते जिना दोन दोन पायऱ्यांनी चढू लागले. आणि मग आला आरशाचा धडा.

त्या धड्यासाठी लेकीने जे सांगितलं ती चूक नव्हती. मास्तरांनी विचारलं होतं, आरशात काय होतं? ती म्हणाली होती, "डावं-उजवं उलटं होतं. पण मग बाबा, वर-खाली का उलटं होत नाही? माझं डोकं खाली का दिसत नाही? आरशाला कसं कळतं कुठलं उलटं करायचं?" मास्तरांनी हेही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखवताना ते क्षणभर थांबले होते, मला ते स्पष्ट आठवतं. म्हणाले, "याचं उत्तर मोठं आहे, बाई. सहा मिनिटांत मावणार नाही." मग त्यांनी उत्तर सोडून दिलं आणि हसू ठेवलं. आमच्या धड्यात वेंधळी हा प्रश्न विचारते, मग आरशाला फसवायला शीर्षासन करते, फ्रॉक तोंडावर येतो, धपकन पडते. आणि धड्यातले गुरुजी म्हणतात, "अगं वेंधळे, आरसा डावं-उजवंच उलटं करतो, एवढं लक्षात ठेव."

या धड्याची चाचणी लेकीच्या शाळेत व्हावी, असा हट्ट मास्तरांनीच धरला. तिला दाखवायचं होतं की तिचे बाबा काय करतात. तिच्या शाळेत आमचे धडे अजून पोचले नव्हते, तोवर तिने एकही पाहिला नव्हता. चौथीचा वर्ग, ती तिसऱ्या बाकावर, आम्ही दोघं शेवटच्या. आत येताना तिने वळून बापाकडे बघून हात हलवला.

धडा सुरू झाला. वेंधळी दिसली तशी मुलं हसली, तीही हसली. पहिली खूण. मग वेंधळीने तोंड उघडलं. आवाजवालीचं काम चोख असायचं. "माझं डोकं खाली का दिसत नाही? आरशाला कसं कळतं?" हेच वाक्य त्या पोरीने आठवड्यापूर्वी वर्गात बाईंनाही विचारलं होतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं? दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मागे वळली. पडद्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या बटांकडे आणि हिच्या बटांकडे. मग म्हणाली, "अरे, ही तर हीच आहे." सगळा वर्ग वळला. पडद्यावर वेंधळी धपकन पडली आणि वर्गात असा हशा उसळला की बाईंना टेबलावर डस्टर आपटावं लागलं.

मास्तर मान खाली घालून खुणा करत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. त्यांना फक्त ऐकू येत होतं, आणि दहा वर्षं जे ऐकायला त्यांचे कान आसुसले होते तेच ऐकू येत होतं. मी मात्र पाहत होते. लेक हसत नव्हती, रडतही नव्हती. मान खाली घालून बाकाकडे बघत होती. मी मास्तरांना कोपराने ढोसायला हवं होतं. उठून धडा बंद करायला हवा होता. मी मूग गिळून बसले, कारण त्या हशात माझ्या चित्राचाही वाटा होता आणि तो मला गोड लागत होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

"अकरा!" बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. "बाई, अकरा झाल्या. आजवर कुणाच्या झाल्या नाहीत."

मी म्हटलं, "हो."

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "उद्या वनस्पतींचा धडा आहे. झाडं काय खातात, तुला काय वाटतं?"

लेक म्हणाली, "माहीत नाही."

दमली असेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशीही माहीत नाही. आठवडाभर माहीत नाही. महिन्याने मास्तरीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की शाळेत तिला सगळे वेंधळी म्हणतात, आणि ती सकाळी पोट दुखतंय म्हणून पांघरूण सोडत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर ऑफिसात आले ते एका रात्रीत म्हातारे होऊन. मला विचारलं, "तुम्ही तिथे होता. तुम्हाला दिसलं नाही?"

मी म्हटलं, "नाही." खोटं बोलले.

ते साहेबांकडे गेले, वेंधळी बंद करा म्हणाले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, पोरं विसरतात हो. महिन्याभरात दुसरं काहीतरी सापडेल त्यांना." वेंधळीवर पुढच्या दोन वर्षांचे धडे ठरलेले होते. मास्तर परत जागेवर आले. इथे मला त्यांचा राग येतो, मेलेल्या माणसाचा येऊ नये तरी येतो. ते अडून बसले असते तर साहेबांनी काही त्यांना सुळावर चढवलं नसतं. पण ते अडून बसले नाहीत. वेंधळीचा चेहरा मी थोडा बदलला, दात भरले, मोजे वर ओढले, आणि ते अजून चार वर्षं वेंधळीचे धडे लिहीत राहिले. चुका आता ते मनाने रचायचे. रचलेल्या चुकांना मुलं हसत नाहीत, हे आम्हाला लवकरच कळलं. सातच्या सहा झाल्या, सहाच्या चार. शेवटी वेंधळी आपोआप मेली. ज्या दिवशी बंद करायला हवी होती तेव्हा नाही, कोणी हसेनासं झालं तेव्हा.

मुली मोठ्या होतात तशी लेकही मोठी झाली. मार्क चांगले मिळायचे, उत्तर पाठ असलं तर देणार, नाहीतर गप्प. वर्गात हात वर करणं नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा असायचा, शांत आणि अभ्यासू. मास्तर तो शेरा वाचून सही करायचे आणि दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. घरात भांडण नव्हतं, अबोला नव्हता. बाबा, चहा घ्या. बाबा, छत्री न्या. सगळं होतं. फक्त 'तुला काय वाटतं' या प्रश्नाला एकच उत्तर होतं. सिनेमा कसा वाटला, माहीत नाही. पडद्यांना कुठला रंग, तुम्ही ठरवा. पुढे ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि वेगळी खोली घेऊन राहू लागली. मास्तर मला म्हणाले, "तिथे यंत्र आकडा देतं, ती लिहून देते. तिचं मत कोणी विचारत नाही. तिला बरं वाटत असेल."

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी आरशाचा धडा पुन्हा लिहायला घेतला. साहेबांनी सांगितला नव्हता, कुठल्या यादीत नव्हता. सहा महिने ते त्याच एका धड्याच्या मागे होते. वेंधळी नाही, गुरुजी नाहीत, फक्त दोन हात, एक आरसा आणि पारदर्शक प्लास्टिकचा कागद. त्या कागदावर एक शब्द लिहायचा आणि आपल्याला वाचता येईल असा आरशासमोर धरायचा. कागदातून बघा, आरशात बघा, शब्द दोन्हीकडे सरळच दिसतो. मग साध्या जाड कागदावर लिहा. आता तो आरशाला दाखवायला आपल्यालाच फिरवावा लागतो. उजवीकडून डावीकडे फिरवला तर डावं-उजवं उलटं दिसतं, खालून वर उलटवला तर वर-खाली उलटं. आरसा काहीच उलटं करत नाही, फिरवतो आपण. इतकं सोपं होतं ते. चित्रं काढताना मला स्वतःला पहिल्यांदा कळलं, आणि मी पंचावन्न वर्षांची होते.

धडा नऊ मिनिटांचा झाला. साहेबांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, सुरेख आहे. पण पोरांनी हसायचं कुठे?" मास्तर म्हणाले, "नाही हसायचं." तो धडा कुठल्याच शाळेत गेला नाही.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. लेकही आली होती. दोन खोल्यांचं घर, टेबलावर लॅपटॉप मांडून ठेवलेला, आणि मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, जसा चाचणीच्या दिवशी घालायचे. मास्तरीणबाईंनी चहा दिला. लेकीने नऊ मिनिटं धडा पाहिला, मान जराही न हलवता. संपल्यावर म्हणाली, "चांगला झालाय, बाबा."

"तुझाच प्रश्न आहे तो," मास्तर म्हणाले. "डोकं खाली का दिसत नाही. तू विचारला होतास. तुझा प्रश्न बरोबर होता. मला तेव्हाच कळलं होतं की बरोबर आहे, तरी मी त्याचं हसं केलं. माझं चुकलं."

ती खरंच आठवत राहिली, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "मी विचारला होता? मला प्रश्न नाही आठवत. बाकावर शाईचा एक डाग होता, तो आठवतो. सगळे बघत होते तेव्हा मी त्याच्याकडे बघत बसले होते."

मी म्हटलं, "तो चेहरा मी काढला होता. आणि त्या दिवशी वर्गात मी सगळं पाहिलं होतं."

"माहीत आहे, काकू. दात हुबेहूब काढले होते." ती जराशी हसलीसुद्धा. त्या हसण्यात राग असता तर मला सोसला असता.

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धड्याबद्दल तुला काय वाटतं? खरं सांग. चांगला म्हणू नकोस. वाईट म्हण, पण सांग."

तिने लॅपटॉप मिटला. आता ते दोन शब्द येणार म्हणून मी कपातल्या चहाकडे बघायला लागले. पण ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असं विचारलंत ना, की मी आधी मनातल्या मनात बोलून बघते. यात कोणी हसण्यासारखं काही आहे का ते बघते. तुमच्याशीच नाही, सगळ्यांशीच. बघता बघता बोलायची वेळ निघून जाते. मग माहीत नाही म्हणते."

मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "मग हे आत्ता बोललीस, तेही आधी बघूनच बोललीस?"

"हो," ती म्हणाली. "हे तर मी चौदा वर्षं बघत होते. यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून बोलले."